वाचकांचे प्रश्न : शेवटच्या डावांचा पिचर आणि त्याची किंमत

मागील अंकात याच सदरात आम्ही अमेरिकी बेसबॉलमधील एका सौद्याविषयी टिपण दिले होते. ३१ जुलै २०२५ रोजी सॅन डिएगो पाद्रेज संघाने ॲथलेटिक्स संघाकडून मेसन मिलर हा ताशी शंभर मैलांहून, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू फेकणारा पिचर, जे. पी. सीअर्स या डावखुऱ्या पिचरसह घेतला. बदल्यात चार तरुण खेळाडू दिले. त्यांपैकी तिघे पिचर होते आणि चौथा लिओ डे व्रीस हा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक होता. मुले किंवा भावंडे अमेरिकेत असल्यामुळे हा खेळ घरात आलेली कुटुंबे गोव्यात बरीच असावीत, कारण या टिपणावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि फोनवर हल्ली बेसबॉलच जास्त बोलतो. मी आयुष्यभर क्रिकेट पाहिले. सामन्यात जेमतेम एक डाव टाकणाऱ्या पिचरसाठी, तेही हंगामाचे दोनच महिने उरलेले असताना, कोणी शहाणा माणूस चार तरुण खेळाडू देईल का?
— निवृत्त शिक्षक, साखळी

आपल्या शंकेत तथ्य आहे आणि अमेरिकेतही ती दरवर्षी नव्याने विचारली जाते. सामना नऊ डावांचा असतो आणि तीन बळी गेले की फलंदाजी करणाऱ्या संघाचा डाव संपतो. सुरुवातीचा पिचर आज पाच-सहा डाव टाकतो आणि थांबतो, कारण तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की त्यांना त्याच्या चेंडूंचा अंदाज आलेला असतो. उरलेले तीन-चार डाव मैदानाच्या कडेला हात गरम करीत बसलेल्या राखीव पिचरांच्या ताफ्याने काढायचे असतात, आणि या ताफ्यालाच बुलपेन म्हणतात. बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, आणि २०२०पासून आत आलेल्या पिचरने सर्वसाधारणपणे किमान तीन फलंदाजांना तरी सामोरे गेलेच पाहिजे असा नियम आहे. त्यामुळे आठव्या-नवव्या डावात कोणाला पाठवायचे हा निर्णय चुकला, तर तो फिरवता येत नाही.

१६२ सामन्यांच्या हंगामात या पिचरचे एकूण काम तसे थोडेच असते. उत्तम राखीव पिचरही वर्षाला साठ-सत्तर डाव टाकतो, आणि जुलैअखेर घेतलेल्या पिचरकडून नियमित हंगामात पंचवीसेक डावांपेक्षा जास्त अपेक्षा कोणी धरीत नाही. केवळ या पंचवीस डावांकडे पाहिले, तर सौदा वेडेपणाचाच वाटेल.

ऑक्टोबरमध्ये मात्र हिशेब बदलतो. २०२२पासून बारा संघ बाद फेरीत जातात. तेथे मालिका छोट्या असतात, मध्ये विश्रांतीचे दिवस असतात, आणि म्हणून एरवी आठ जणांत वाटले जाणारे काम दोन-तीन उत्तम पिचरांकडून करून घेता येते. २०१६मध्ये क्लीव्हलंड संघाने ३१ जुलैला यांकीजकडून अँड्र्यू मिलर हा डावखुरा पिचर घेतला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला नवव्या डावापर्यंत झाकून न ठेवता सामना जेथे अडेल तेथे, कधी पाचव्या डावातही, उतरवले. त्या एका महिन्यात त्याने १९ डाव आणि एक बळी एवढ्या कामात ३० फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या मदतीशिवाय बाद केले, आणि अमेरिकन लीगच्या (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन विभागांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग) अंतिम मालिकेचा मानकरी ठरला. जुलैमध्ये संघ पैसे मोजतात ते ऑक्टोबरमधील या पंधरा-वीस डावांसाठी. ते डाव खेळायला मिळतीलच याची खात्री मात्र कोणी देत नाही, आणि आपल्या शंकेतील खरी मेख तेथेच आहे.

मेसन मिलर या नव्या पिचरबाबत एक गोष्ट वेगळी होती, ती येथे नमूद करतो. तो दोन महिन्यांचा पाहुणा नव्हता. २०२९च्या हंगामापर्यंत त्याच्यावर पाद्रेजचा हक्क राहणार होता. २०२५मध्ये पाद्रेज शिकागो कब्जविरुद्धच्या पहिल्याच मालिकेत गारद झाले, तरीही सौद्याचा निकाल त्या तीन सामन्यांवर लावता येत नाही तो याच कारणाने.

‘मायनर लीग’ म्हणजे आपल्या रणजी करंडकासारखी स्पर्धा समजावी का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, फोंडा

तसे समजू नये. गोव्याचा रणजी संघ जिंकण्यासाठी खेळतो आणि आपला संघ स्वतः निवडतो. मायनर लीगमधील संघाला ही मोकळीक नसते. संघाची मालकी बहुधा वेगळ्या खासगी मालकांकडे असते. तिकिटे, मैदान, खाद्यपदार्थांचे ठेले हे सारे त्यांचे. खेळाडू आणि प्रशिक्षक मात्र वरच्या मेजर लीग क्लबचे असतात आणि त्यांचे वेतनही तोच देतो. क्लबला वाटले की आपल्या तरुण पिचरने आज फक्त साठच चेंडू टाकावेत, तर सामना हातातून जात असला तरी त्याला साठाव्या चेंडूनंतर बाहेर यावेच लागते.

२०२१च्या फेररचनेनंतर अशा संलग्न संघांची संख्या १२० आहे; तीस क्लबांचे प्रत्येकी चार. बॉस्टन रेड सॉक्सचे उदाहरण घेतले तर वरून खाली ट्रिपल-ए पातळीवर वूस्टर, डबल-ए पातळीवर पोर्टलंड, हाय-ए पातळीवर ग्रीनव्हिल आणि सिंगल-ए पातळीवर सेलम अशी उतरंड आहे. त्याखाली फ्लोरिडा-ॲरिझोनातील प्रशिक्षण संकुलांचे संघ आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातील उन्हाळी लीग येते. यांपैकी सर्वांत मोठी पायरी डबल-ए मानली जाते, कारण नुसत्या वेगावर किंवा ताकदीवर भागण्याचे दिवस तेथे संपतात. वळणारे चेंडू हवे तेथे टाकणारे पिचर आणि वाईट चेंडू सोडून देणारे फलंदाज तेथे प्रथम भेटतात.

वेतनाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी सांगतो. हे खेळाडू २०२२मध्ये मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत सामील झाले आणि २०२३च्या पहिल्या करारानंतर ट्रिपल-एमधील किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलर झाले. त्याच वर्षी मेजर लीगमधील किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते. सौद्यांच्या बातमीत ज्यांची नावे शेवटच्या ओळीत येतात ते खेळाडू या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत उभे असतात.

जेफ बॅगवेलचे उदाहरण सगळे देतात. पण निकाल लागल्यानंतर न्यायाधीश होणे सोपे असते. त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर बॉस्टनचा निर्णय खरोखर चुकीचा होता का? आणि असे सौदे तोलण्याची काही निश्चित रीत आहे का?
— वकील, मडगाव

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो.

प्रथम प्रकरणाची हकिगत. ऑगस्ट १९९०मध्ये बॉस्टन आपल्या गटात आघाडीवर होता आणि टोरोंटो मागे लागला होता. बॉस्टनचा क्लोजर, म्हणजे नववा डाव टाकणारा ठरलेला पिचर, जेफ रीअर्डन याच्या पाठीवर त्याच महिन्यात शस्त्रक्रिया झाली होती. ३० ऑगस्टला बॉस्टनने ह्यूस्टनकडून सदतीस वर्षांचा राखीव पिचर लॅरी अँडरसन घेतला आणि न्यू ब्रिटन या डबल-ए संघात तिसऱ्या बेसवर खेळणारा बावीस वर्षांचा बॅगवेल दिला. अँडरसनने आपले काम चोख बजावले : २२ डावांत त्याच्या खात्यावर अवघ्या तीन धावा लागल्या. बॉस्टनने गट जिंकला, तोही दोनच सामन्यांच्या फरकाने; त्यामुळे अँडरसनचा वाटा नाकारता येत नाही. पुढच्या मालिकेत ओकलंडने बॉस्टनला चार-शून्य असे धुवून काढले. हंगाम संपल्यावर अँडरसन क्लबच्या हक्कातून मुक्त होऊन सॅन डिएगोकडे गेला. बॅगवेल १९९१मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, १९९४मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला, ४४९ होमरन (चेंडू कुंपणापार धाडणारे फटके) मारून त्याने सारी कारकीर्द ह्यूस्टनमध्ये काढली आणि २०१७मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या मानाच्या यादीत, गेला.

आता बॉस्टनची बाजू. तिसऱ्या बेसवर त्यांच्याकडे वेड बॉग्ज होता, ज्याने तोवर पाच वेळा फलंदाजीच्या सरासरीत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. त्याच्यामागे ट्रिपल-एमध्ये स्कॉट कूपर तयार होत होता, आणि पहिल्या बेससाठी मो व्हॉन होता. शिवाय बॅगवेलने त्या हंगामात ३३३च्या (म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३३३ यशस्वी फटके) सरासरीने फटकेबाजी केली असली तरी होमरन केवळ चार मारले होते. कोपऱ्यातील, म्हणजे पहिल्या किंवा तिसऱ्या बेसवर खेळणाऱ्याकडून याहून जास्त ताकद अपेक्षित असते. अशा खेळाडूला बॉस्टनमध्ये जागा नाही, हा निष्कर्ष त्या दिवशी मूर्खपणाचा नव्हता.

तरीही सौदा चुकीचाच होता असे आमचे मत आहे, आणि त्यासाठी ४४९ होमरनांची साक्ष काढण्याची गरज नाही. एखादा खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यावर सुमारे सहा वर्षे तो क्लबचा असतो, आणि त्यांतली पहिली वर्षे किमान वेतनाच्या आसपास. बॉस्टनने दिली ती अशी सहा वर्षे. घेतला तो एक महिना. बॅगवेल पुढे केवळ बरा खेळाडू झाला असता, तरी ही अदलाबदल महागच पडली असती. जागा नसलेला खेळाडू विकावा, यात वाद नाही. पण तो इतक्या स्वस्तात विकू नये. त्या दिवशी कागदावर दिसत होते ते एवढेच, आणि तेवढे पुरेसे होते.

आपण रीत विचारली. आम्ही स्वतः असा सौदा वाचताना आधी दोन्ही बाजूंच्या हक्काची वर्षे मोजतो. मग दिलेल्या खेळाडूच्या वाटेत वर कोण उभे आहे ते पाहतो. शेवटी घेतलेला पिचर नेमके कोणते डाव भरून काढणार आणि ते डाव खरोखरच त्या संघाची दुखरी जागा होती का, हे तपासतो. या रीतीने १९९७चे सिॲटल पाहा. त्या वर्षी सिॲटलची फलंदाजी जबरदस्त आणि बुलपेन गळके होते, म्हणजे दुखरी जागा त्यांनी बरोबर ओळखली होती. ३१ जुलैला त्यांनी एकाच दिवशी दोन सौदे केले. एकात बॉस्टनकडून हिथक्लिफ स्लोकम घेऊन डेरेक लो हा पिचर आणि जेसन व्हॅरिटेक हा कॅचर दिला. दुसऱ्यात टोरोंटोकडून माइक टिमलिन आणि पॉल स्पोल्यारिक घेऊन होसे क्रूझ ज्युनियर हा तरुण फलंदाज दिला. स्लोकम दोन महिन्यांचा पाहुणाही नव्हता, पुढच्या वर्षीही तो राहणार होता. चूक पिचरच्या निवडीत होती. त्याच्या नावावर १९९५मध्ये ३२ आणि १९९६मध्ये ३१ ‘सेव्ह’ (थोडक्या आघाडीचा सामना शेवटपर्यंत राखून दिल्याची नोंद) होते, पण सौद्याच्या दिवशी नऊ डावांमागे त्याच्यावर लागणाऱ्या धावांची सरासरी ५.७९ होती. सेव्ह हा आकडा १९६९पासून अधिकृत आहे आणि आमच्या मते त्याने जितके व्यवस्थापक फसवले तितके दुसऱ्या कोणत्या आकड्याने फसवले नसतील. तो पिचर कोणत्या वेळी मैदानात होता हे सांगतो, कसा खेळला हे फारसे सांगत नाही. सिॲटलने गट जिंकला आणि पहिल्याच मालिकेत बाल्टिमोरकडून हरला. लो आणि व्हॅरिटेक २००४मध्ये बॉस्टनच्या विश्वविजेत्या संघात होते. त्या ऑक्टोबरमधील तिन्ही मालिकांचा निर्णायक सामना लोच्या नावावर आहे. बॅगवेल गमावलेल्या क्लबनेच सात वर्षांनी तोच डाव दुसऱ्यावर उलटवला, हा योगायोग गमतीदार खराच.

उलट २०१६चे शिकागो कब्ज. २५ जुलैला त्यांनी यांकीजकडून अरोल्डिस चॅपमन हा क्लोजर घेतला, जो हंगामानंतर मुक्त होणार होता, आणि दिलेल्या चौघांत ग्लेबर टोरेस हा एकोणीस वर्षांचा उत्कृष्ट शॉर्टस्टॉप होता. वर्षांच्या हिशेबात हा सौदा बॉस्टनच्या सौद्याचाच भाऊ दिसतो. पण टोरेसच्या जागेवर कब्जकडे ॲडिसन रसेल आणि हावियर बाएझ हे दोघे तरुण आधीच वर खेळत होते, टोरेस अजून हाय-एमध्ये होता, आणि १९०८पासून अजिंक्यपद न मिळालेला तो संघ त्या वर्षी लीगमधील सर्वांत बलवान होता. कब्ज विश्वविजेते झाले. सातव्या सामन्याच्या आठव्या डावात चॅपमनच्याच चेंडूवर राजाय डेव्हिसने होमरन मारून बरोबरी साधली होती, हेही खरे; विकत घेतलेला पिचर ऐन वेळी थकलेला असू शकतो, कारण त्याआधीच्या सामन्यांत त्याला पिळून घेतलेले असते. टोरेस २०१८ आणि २०१९मध्ये ऑल-स्टार झाला आणि चॅपमन त्याच डिसेंबरात यांकीजकडे परतला. यांकीजना सर्व काही मिळाले, तरी कब्जनी चूक केली असे आम्ही म्हणणार नाही.

त्या सौद्याची एक बाजू आकड्यांत मावत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविषयीच्या धोरणाखाली चॅपमनला त्याच हंगामाच्या सुरुवातीस तीस सामन्यांची बंदी झाली होती, आणि शिकागोतील अनेक चाहत्यांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवणे जड गेले. क्लबने ही किंमतही मोजली. ती रास्त होती की नाही, याविषयी तेथील जाणकारांत आजही एकमत नाही.

होतकरू खेळाडू खरोखर होतकरू आहे हे ओळखतात कसे? आमच्या शाळेत दरवर्षी एखादा ‘पुढचा तेंडुलकर’ असतो.
— क्रीडाशिक्षक, पेडणे

निरीक्षक प्रत्येक गुणाला २० ते ८० या मापात गुण देतात, आणि ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी. फलंदाजाचे पाच गुण पाहतात : चेंडूला बॅट लावण्याची हातोटी, ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक. पिचरच्या प्रत्येक प्रकारच्या चेंडूला वेगळे गुण आणि नेमकेपणाला वेगळे. ८० गुण फार क्वचित दिले जातात.

पण आकडे वाचताना आपण सर्वांत आधी वय आणि पातळी यांची सांगड पाहावी. डे व्रीस अठराव्या वर्षी हाय-एमध्ये आपल्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या पिचरांना तोंड देत होता; त्याची सरासरी मध्यम असती तरी ती मोलाची होती. उलट सव्विसाव्या वर्षी ट्रिपल-एमध्ये तिसऱ्यांदा खेळणाऱ्याची ३२०ची सरासरी कोणालाही हलवत नाही. त्यानंतर मैदान. अल्बुकर्क आणि रीनो यांसारख्या उंचावरील गावांत विरळ हवेमुळे चेंडू दूर जातो, तेथील होमरन कमी धरावे लागतात. बॅगवेलच्या चार होमरनांचे गूढही निम्मे येथेच आहे : न्यू ब्रिटनचे मैदान होमरनसाठी अवघड होते, पण त्याच हंगामात त्याने ३४ डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचवणारे फटके, मारले होते, आणि बावीस वर्षांच्या मुलाचे डबल पुढे कुंपणापार जाऊ लागतात हे निरीक्षकांना ठाऊक असते.

पिचरांबाबत मात्र सगळेच शास्त्र लंगडे आहे. कोपराचा स्नायुबंध तुटला की शस्त्रक्रिया आणि वर्ष-दीड वर्षाची रजा ठरलेली. ही शस्त्रक्रिया १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हणून विकणारा क्लब शक्यतो फलंदाज मागतो आणि घेणारा क्लब शक्यतो पिचर देऊ करतो. अपवाद हवा असेल तर जॉन स्मोल्ट्झ. ऑगस्ट १९८७मध्ये डेट्रॉइटने डॉयल अलेक्झांडर या अनुभवी पिचरसाठी त्याला अटलांटाला दिले, तेव्हा डबल-एमध्ये त्याची कामगिरी चार विजय आणि दहा पराभव अशी होती. अलेक्झांडरने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटला गट जिंकून दिला. स्मोल्ट्झने २१३ विजय मिळवले, मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर बुलपेनमध्ये जाऊन १५४ सेव्हही केले, आणि २०१५मध्ये हॉल ऑफ फेम गाठला. दहा पराभवांच्या त्या कागदावर यातले काहीच लिहिलेले नव्हते. आपल्या शाळेतील मुलांबाबत आम्ही काही सुचवू धजत नाही.

फुटबॉलमध्ये क्लब बदलताना पैसे मोजले जातात आणि खेळाडूचा होकार लागतो. येथे माणसांच्या बदल्यात माणसे का देतात, आणि त्यांना कोणी विचारते का?
— फुटबॉलप्रेमी, वास्को

बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. करार क्लबशी असतो आणि खेळाडूसह तो जसाच्या तसा नव्या क्लबकडे जातो. दहा वर्षे मेजर लीगमध्ये आणि त्यांतील शेवटची सलग पाच एकाच क्लबमध्ये काढलेल्या खेळाडूला नकाराचा अधिकार असतो; काहींच्या करारात तसे कलम असते. मायनर लीगमधील मुलांना यांतले काहीही मिळत नाही. फोर्ट वेनसारख्या शहरात भाड्याने घेतलेली खोली सोडून दोन दिवसांत दुसऱ्या राज्यातील संघात हजर व्हायचे असते.

पैशांविषयी सांगायचे तर, निव्वळ रोख रकमेवर उत्तम खेळाडू विकण्यास लीगने फार पूर्वीपासून आळा घातला आहे, कारण तसे झाल्यास श्रीमंत क्लब सगळेच उचलून नेतील. त्यामुळे होतकरू खेळाडू हेच येथील चलन झाले. हरणारा क्लब आपला महागडा पिचर देतो आणि चार वर्षांनंतरचा संघ घेतो. ही व्यवस्था क्लबांना सोयीची आहे. खेळाडूला ती न्याय देते असे आम्हाला वाटत नाही, आणि संघटनेत उशिरा का होईना शिरल्यावर मायनर लीगच्या खेळाडूंनी आधी वेतन आणि निवास हेच विषय हाती घेतले यात नवल नाही.

बातमीत कधी कधी ‘आणि एक खेळाडू, ज्याचे नाव नंतर कळवले जाईल’ असे असते. हा काय प्रकार?
— वाचक, डिचोली

सौदा आज होतो आणि एक खेळाडू पुढील सहा महिन्यांत निवडायचा असतो. दोन्ही क्लब बहुधा नावांची यादी ठरवून घेतात आणि विकणाऱ्याला निरीक्षणासाठी वेळ मिळतो. ऑगस्ट १९९६मध्ये सिॲटलने मिनेसोटाकडून डेव्ह हॉलिन्स घेतला आणि सप्टेंबरमध्ये बदल्यातील नाव कळवले : डेव्हिड एरियास. हाच पुढे डेव्हिड ऑर्टिझ म्हणून ५४१ होमरन मारणारा फलंदाज झाला. सिॲटलचे नाव या सदरात दुसऱ्यांदा असे आले, त्याला आमचा इलाज नाही.

चवथीच्या दिवसांतही असे सौदे चालू असतात का? आणि गोव्यात बसून ते पाहायचे कसे?
— वाचक, म्हापसा

पूर्वी चालू असत. २०१८पर्यंत जुलैनंतरही एका वेगळ्या प्रक्रियेतून ऑगस्टमध्ये अदलाबदल करता येई, आणि अँडरसनचा ३० ऑगस्टचा सौदा तसाच झाला. २०१९पासून एकच मुदत आहे, जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत. त्यानंतर दुसऱ्या क्लबने सोडून दिलेला खेळाडू उचलणे एवढेच मुख्यतः उरते, आणि बाद फेरीत खेळण्यासाठी खेळाडू ३१ ऑगस्टपर्यंत क्लबमध्ये असावा लागतो. २०२५मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती, म्हणजे त्या वर्षी ती शेवटची धावपळ आणि गणपतीचे दिवस एकत्र आले.

मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला संपते, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. त्या भागातील संध्याकाळी सातचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सामने सकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होतात. नोकरदाराने सॅन डिएगोचा चाहता होणे सोयीचे.

भारतातील मुलगा कधी अशा सौद्यातील होतकरू खेळाडू होऊ शकेल का? माझा भाचा जिल्हा पातळीवर वेगवान गोलंदाज आहे.
— वाचक, काणकोण

वाट अरुंद आहे, पण बंद नाही. २००८मध्ये भारतात घेतलेल्या एका फेकीच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले आणि त्याच नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. दिनेश २०१०मध्ये परतला. रिंकू सिंगल-ए पातळीपर्यंत पोहोचला, मग कोपराच्या दुखापतीने त्याला गाठले. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

हे दोघेही क्रिकेटचे गोलंदाज नव्हते, भालाफेकपटू होते, आणि आपल्या भाच्यासाठी महत्त्वाची बाब हीच आहे. गोलंदाजी कोपर न वाकवता करायची असते, पिचिंग कोपर वाकवून. वर्षानुवर्षे घोटलेली एक सवय मोडून दुसरी लावणे कठीण जाते. म्हणून आमच्या मते सीमारेषेवरून थेट यष्टीवर जोरात फेकणारा क्षेत्ररक्षक हा गोलंदाजापेक्षा चांगला उमेदवार ठरेल. वार्षिक निवड प्रक्रियेत केवळ अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको येथील रहिवाशांचा विचार होतो. बाहेरच्या देशातील मुलाशी तो सोळा वर्षांचा झाल्यावर क्लब थेट करार करू शकतो, डे व्रीसशी पाद्रेजनी जानेवारी २०२४मध्ये केला तसा. दुसरा मार्ग अमेरिकेतील महाविद्यालयात प्रवेश घेऊन तेथून निवड प्रक्रियेत उतरण्याचा आहे. भाच्याची फेक आधी वेगमापकावर मोजून घ्यावी. ताशी नव्वद मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटरच्या आसपास आकडा येत असेल, तर पुढच्या चौकशीला अर्थ आहे.